एका नावावर दोन परमिट

नामदेव रोज दुपारी एक वाजता डबा खायचा. खांब कुठलाही असो, तक्रारी कितीही असोत, एक वाजला की हा माणूस खाली उतरायचा, हात धुवायचा, सागाच्या नाहीतर पळसाच्या सावलीत पंचा अंथरायचा आणि मांडी घालून जेवायचा. मी तीस वर्षं लाइनमनची नोकरी केली, आणि त्यातली बरीच वर्षं मला या माणसाच्या डब्याचा राग होता. माझा डबा संध्याकाळपर्यंत मोटरसायकलच्या हँडलला लटकून राहायचा. भाजीला वास यायचा, पोळ्या वाळून कडक व्हायच्या. आमच्या घरात गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलतात, पण टोमणा मारायचा असला की माझी बायको सुमन मराठीवर येते. झाकण उघडून म्हणायची, "आजबी नाई खाल्ला? नामदेवभाऊजी कसे खातेत बाप्पा?"

आता सांगा, दिवसभर शिव्या खाऊन आलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटेल?

या अंकाच्या संपादकांनी मला विचारलं, की कामाचा डोंगर अंगावर येतो तेव्हा माणसानं काय करावं ते तुमच्या नोकरीवरून लिहा. मी म्हटलं, मी काय करायचो ते लिहितो, वाचकांनी त्याच्या उलट करावं.

मी परसराम, मूळचा आर्णीकडचा, तांड्यावरचा. आमच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहून मुलूख पालथा घातला. मी मुकुटबनच्या बाजूला बदली होऊन आलो आणि मोटरसायकलवर शिडी वाहून अकरा गावं पालथी घातली. शेजारची सात गावं नामदेवकडे. तो इथलाच, घरी कापूस-तुरीचं वावर. आमच्या गावांची हद्द एका नाल्यावर मिळायची. नाल्याच्या अलीकडे बोंबाबोंब आणि पलीकडे शांतता, असं मला नेहमी वाटायचं.

लाइनमनचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तेवढंच नसतं. डीपीचा फ्यूज टाकणं, म्हणजे रोहित्रावरची तार बदलणं, हे त्यातलं सगळ्यात सोपं. सागाची फांदी तारेवर पडली, तोडा. चिनीमातीचं इन्सुलेटर, आम्ही त्याला चिमणी म्हणतो, ती फुटली, बदला. थकबाकीवाल्याची लाइन कापा, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी "भाऊ, चक्की बंद हाये" म्हणून फोन करतो, त्याचाही फोन उचला. वर साहेबाला दर आठवड्याला कागद भरून द्या. आणि हे सगळं एकाच वेळी. रब्बीच्या दिवसांत तर विचारूच नका. हरभरा-गहू पाण्यावर आलेला, शेतीपंपाला दिवसातले काहीच तास लाइट, त्यात फॉल्ट आला की माणसं अंगावर येतात. त्यांचंही चुकत नाही. पीक काही लाइनमनचं तोंड बघून थांबत नाही.

माझ्या फोनची घंटी सकाळी सहाला सुरू व्हायची. मी प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचो, "हाव, येऊन राह्यलो." कुणालाच नाही म्हणायचो नाही. अर्ध्या रस्त्यात दुसरा फोन आला की गाडी वळवायची. डीपीवर चढलो, एक फ्यूज टाकला, दुसरा टाकायच्या आत तिसऱ्याच गावचा सरपंच ओरडतो म्हणून खाली उतरायचं. संध्याकाळी हिशेब काढला तर पंधरा ठिकाणी हात लावलेला आणि चार ठिकाणी काम झालेलं. एक ना धड, भाराभर चिंध्या. छातीत सारखं धडधडायचं. जेवताना फोन नसला तरी वाजल्यासारखा वाटायचा. एकदा आंघोळ करता करता मी "हाव, येऊन राह्यलो" असं मोठ्यानं म्हटलं. बाहेरून सुमन म्हणाली, "कुठी चालले, टॉवेल तं घ्या!"

एक गोष्ट मात्र आजही सलते. जंगलाच्या कडेला कोलाम आदिवासींचा एक पोड आहे, दहाबारा घरांची वस्ती. तिथला एक म्हातारा एकदा पायी चालत मुकुटबनला आला आणि म्हणाला, "साहेब, तार लय खाली लोंबून राह्यली. पोट्टे खालून जातेत." मी त्याला "उद्या येतो" म्हणालो. तो दुसऱ्या दिवशी आला नाही, ओरडला नाही, त्याच्याकडे फोनही नव्हता. मग ते काम माझ्या डोक्यातून पार उतरलं. जो मोठ्यानं ओरडेल त्याचं काम आधी, असा माझा कायदाच होऊन गेला होता. आठेक दिवसांनी म्हातारा बाजारात नामदेवला भेटला. नामदेव नाला ओलांडून माझ्या हद्दीत आला, तार ओढून घेतली आणि मला फक्त एवढंच बोलला, "तुह्या पोडावरची तार वर केली." मी म्हाताऱ्याला नंतर विचारलं, मला परत का नाही सांगितलं? तर म्हणतो, "तुमी लय कामात होते."

त्या क्षणी मला शरम वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी वाटलं ते असं: हा माझ्या गावात शिरलाच कसा?

नामदेव माणूस म्हणून फार गोड होता असं समजू नका. कंजूस. टपरीवर चहा प्यायला कधी खिशात हात घातला नाही. बोलणं मोजकं, "होते", "करू", "पाहू", बस. वरून खांबावर असताना स्वतःशीच गुणगुणायचा. फोन तर वर चढायच्या आधी बंद करून डब्याच्या पिशवीत ठेवायचा. खालून आभाळ कोसळलं तरी हा गुणगुणतोय! आणि त्याची माणसं त्याला हरभऱ्याच्या सोल्यांची थैली भरून द्यायची, सीताफळं द्यायची, "नामदेवभाऊ, च्या घेऊन जाजा" म्हणायची. मला काय मिळायचं? "आला का रे भैताड, दोन दिवसांनी?"

सहा वाजता तो घरी असायचा. पोरींचा अभ्यास घ्यायचा. त्याच्या शर्टाला इस्त्री असायची! खांबावर चढणाऱ्या माणसाच्या शर्टाला इस्त्री! हे सगळं मी रोज पाहायचो आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला वाटायचं, याच्याकडे गावं कमी, रस्ते बरे, माणसं गरीब. मला ही गावं मिळाली असती तर मीही गुणगुणलो असतो.

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला बसलो तो दिवस सांगतो. दहाअकरा वर्षं झाली असतील. त्याआधी परमिट म्हणजे काय ते सांगावं लागेल, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही.

उपकेंद्रातून वेगवेगळ्या लाइनी निघतात, त्यांना फीडर म्हणतात. गावांचा एक, शेतीपंपांचा दुसरा. फीडरच्या तारेला हात लावायच्या आधी लाइनमन उपकेंद्रातल्या ऑपरेटरला सांगतो, ही लाइन बंद कर. तो बंद करतो, 'माणसं काम करत आहेत' अशी पाटी लावतो आणि रजिस्टरात लाइनमनचं नाव लिहितो. याला परमिट घेणं म्हणतात. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. तोपर्यंत मंत्र्याचा फोन आला तरी लाइन सुरू होत नाही. खांबावरच्या माणसाचा जीव त्या रजिस्टरातल्या एका नावावर असतो.

आणि दुसरी गोष्ट साखळी. लाइन बंद झाली तरी चढण्याआधी एक लांब काठी घेऊन तिन्ही तारांना साखळी अडकवायची आणि तिचं टोक जमिनीत गाडलेल्या सळईला जोडायचं. म्हणजे कुणी चुकून लाइन सुरू केलीच तर करंट साखळीतून जमिनीत जातो आणि उपकेंद्रातलं बटण धाडकन पडतं. नियम सगळ्यांना पाठ. पण काठी जड, उन्हाचा तडाखा, आणि खाली दहा माणसं "झालं का?" विचारणारी. आम्ही सगळे साखळी टाळायचो. फक्त नामदेव टाळायचा नाही. पाच मिनिटांच्या कामालाही पंधरा मिनिटं साखळी. मी सगळ्यांसमोर म्हणायचो, "नामदेव खांबावर चढत नाही, खांबाशी लग्न लावते. आधी मंगळसूत्र घालते." सगळे हसायचे. तोही हसायचा, साखळी अडकवत.

त्या दिवशी माझ्या दोन्ही फीडरवर काम निघालं. गावांच्या फीडरवर एका वळणावर तारेचा जोड जळाला होता, आणि शेतीच्या फीडरवर जंगलाच्या कडेला दोन चिमण्या फुटल्या होत्या. साहेबांनी शेतीच्या कामाला नामदेवला पाठवलं. त्यानं मला फोन केला, "शेतीचं परमिट मी मह्या नावानं घेतो."

बरोबरच होतं. जो चढणार त्याच्या नावानं परमिट, हाच नियम. पण मला ते पटेना. माझी लाइन, माझी गावं, आणि रजिस्टरात याचं नाव? उद्या साहेब रजिस्टर पाहून म्हणणार, परसरामच्या हद्दीतलंही काम नामदेवच करतो. मी म्हणालो, "कायले दोन दोन फोन? दोन्ही परमिट मीच घेतो. तू चढ."

तो म्हणाला, "घे. पण मी फोन केल्याबिगर वापस देजो नको."

"हाव ना बाप्पा, मी काय कालचा आलो?"

ऑपरेटर शेखभाऊ जुना माणूस. तोही म्हणाला, "परसराम, एका नावावर दोन परमिट बरं नाही." मी म्हटलं, लिही तू. त्यानं लिहिलं. असं सगळीकडे चालायचं, वेळ वाचतो म्हणून.

मी वळणावरच्या खांबावर चढलो. फोन खिशात, सुरू. अर्ध्या तासात किती आले मोजले नाहीत. गिरणीवाला गजानन तीनदा. त्याच्याकडे लग्नाचं दळण पडलेलं. एक मास्तर, शाळेत कोणी पाहुणे येणार होते. एका गावचा उपसरपंच, त्याला कारणच नव्हतं, लाइट कधी येणार एवढंच विचारायचं. मधेच एका खांबावरून उतरून नामदेवनं फोन केला, "एक चिमणी झाली, दुसरीले अर्धा घंटा लागते." मी म्हटलं बरं, आणि त्याच्यावर लगेच गजाननचा घेतला.

इथे काय झालं ते नीट सांगतो, कारण ज्यांच्यावर कामाचा ढीग असतो त्यांना ते ओळखू येईल. 'अर्धा घंटा लागते' हे मी ऐकलं, आणि माझ्या डोक्यानं ते काम झालेल्यांत टाकून दिलं. इतकी कामं भरली होती की जे दुसऱ्यावर सोपवलं ते झालंच, असं धरल्याशिवाय डोकं पुढे चालतच नव्हतं. माझा जोड झाला. खाली उतरलो. शेखभाऊला फोन लावला. "झालं, घे परमिट."

"दोन्ही?" त्यानं विचारलं.

तेवढ्यात गजाननचा फोन मधे टूं-टूं करत होता.

"हाव, दोन्ही! कायले डोकं खातं?"

फोन ठेवला, हत्यारांची पेटी आवळली, गाडीला किक मारली. दोन मिनिटांत शेखभाऊचा फोन. "गावची लाइन टिकली. शेतीची सुरू केली अन् बटण धाडकन पडलं. मोठा फॉल्ट हाये. एकदा अजून सुरू करून पाहू का?"

मला एकदम दिसलं. 'अर्धा घंटा.' मी ओरडलो, "हात लावू नोको! नामदेव वर हाये! हात लावू नोको शेखभाऊ!"

तो म्हणाला, "या अल्ला."

नामदेवला फोन लावला. बंद. अर्थात बंद, पिशवीत. त्याच फोन बंद ठेवण्यावरून मी किती जळलो होतो, आणि आता तो बंद होता म्हणून रडायला आलं. तिथून त्याचा खांब नऊ किलोमीटर. गाडी कशी हाणली आठवत नाही. फक्त एवढं आठवतं, की दोन ठिकाणी लोकांनी हात दाखवला. गावाच्या तोंडाशी उपसरपंचानं तर गाडी आडवी लावली. "ओ परसराम, शेतीची कवा येते?" मी म्हणालो, "माणूस मेला असंन, सरक!" तो सरकला. पोचेपर्यंत माझी याडीची, म्हणजे आईची, संत सेवालालची, सगळ्यांची शपथ घेऊन झाली होती. नामदेवच्या दोन्ही पोरी डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या.

नामदेव खांबाच्या बुडाशी बसला होता. जिवंत. डोक्यावर सागाचं एक पान पडलेलं, तेही त्यानं काढलं नव्हतं. दोन्ही हात मांडीवर. साखळीचा चिमटा जळून काळा झाला होता, सळईच्या भोवतीचं गवत करपलं होतं. तो वर असताना लाइन आली होती, सगळा करंट साखळीनं ओढला होता.

मी त्याच्यासमोर बसलो. त्यानं पाणी मागितलं. मी बाटली दिली, ती अर्धी अंगावर सांडली. मग त्यानं विचारलं, "आज किती काम धरले होते तू?"

मी मोजले. "नऊ."

"अन् मी त्यातला कितवा?"

मी बाटलीचं झाकण लावत बसलो.

आता माझ्या मनाचा हलकटपणा पाहा, लिहायचं ठरवलंय तर लिहितो. तो जिवंत दिसला तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडलो. आणि दोन मिनिटांनी त्या काळ्या चिमट्याकडे पाहताना मला चीड आली. इथेही हाच बरोबर! ज्या साखळीवर मी लोकांना हसवलं ती यानं बरोबर त्याच दिवशी, बरोबर माझ्या चुकीला अडकवावी?

उपकेंद्रातला एक मोठा भाग जळाला होता, त्यामुळे चौकशी लागली. रजिस्टरात माझं नाव, परमिट परत केल्याची वेळही माझ्याच नावावर. माणूस वर असताना लाइन दिली, म्हणजे घरी बसणंच. शेखभाऊ म्हणाला, "मी विचारलं होतं, तू हो म्हणाला, एवढंच सांगीन. पुढचं नामदेवच्या हातात." नामदेवचा लेखी जबाब होता. मी तीन दिवस जेवलो नाही. सुमनला काही सांगितलं नाही, ती म्हणे, "आता तं सकाळचाबी डबा वापस आणून राह्यले."

नामदेवनं जबाब दिला. त्यात लिहिलं होतं: काम पूर्ण करून मी खाली उतरलो आणि परसरामला फोनवर तसं सांगितलं. साखळी काढायची मी विसरलो.

मी तो कागद साहेबांच्या टेबलावर वाचला. दोनदा वाचला. साखळी न विसरणारा या तालुक्यात एकच माणूस होता, आणि त्यानंच विसरलो म्हणून लिहून दिलं होतं.

माझी नोकरी वाचली. त्याच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाची नोंद झाली. त्या वर्षीचं उत्तम लाइनमनचं प्रमाणपत्र त्यालाच मिळणार हे ठरल्यासारखं होतं, ते अडलं, आणि कोणालातरी द्यायचंच म्हणून मला दिलं. मी घेतलं. हो, घेतलं. सुमननं ते काचेत लावलं. पाहुण्यांना दाखवायची. मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायचो.

आठवड्याभरानं टपरीवर त्याला गाठलं. "नामदेव, काहून केलं असं?"

त्यानं बशीत चहा ओतला. मला वाटलं, आता काही मोठं बोलेल, मैत्रीचं, माणुसकीचं. म्हणाला, "तुले घरी बसवलं असतं तं तुही अकरा गावं कोणाले देल्ली असती?"

"तुले," मी म्हणालो.

"मंग? मह्याकडे सात हायेत. सात अन् अकरा अठरा. मले झेपत नाही." त्यानं चहा संपवला. "अन् आता एक कर. एका टायमाले एकच काम धर. बाकीच्याईले नंबर दे. अन् खांबावर फोन नेजो नको." चहाचे पैसे मीच दिले, हे सांगायला नको.

खरंच त्याचं तेवढंच कारण होतं, की मला उपकाराखाली दाबायचं नव्हतं म्हणून तसं बोलला, मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्यानं दिलं असतं दुसरं कारण तर मी त्याला कधीच माफ केलं नसतं, हे मात्र त्याला ठाऊक असावं.

दुसऱ्या दिवशी मी एक वही घेतली. तक्रार आली की लिहायची, आणि सांगायचं: तुझा नंबर चौथा, दोन वाजता येतो. पहिल्या दिवशी गजाननला सांगितलं तेव्हा तो भडकला. "मह्या चक्कीले नंबर? माणूस बदलला बाप्पा तू!" मी म्हटलं दोन वाजता येतो. दोनला दहा कमी असताना मी त्याच्या दारात होतो. तो घड्याळाकडे बघत राहिला. त्यानंतर त्यानं दिवसातून तीनदा फोन करणं बंद केलं. कोलामांच्या पोडाचा वार ठरवला, तिथून कोणी ओरडलं नाही तरी जायचं. साखळी घालायला लागलो. कामं तितकीच होती, अकराची दहा गावं झाली नाहीत. पण मला हळूहळू एक कळलं, की मी फक्त कामानं दबलो नव्हतो. चहूकडून हाका याव्यात, परसरामशिवाय पान हलू नये, हे मला मनातून आवडायचं. 'येऊन राह्यलो' म्हणताना मी मोठा माणूस व्हायचो. नामदेवला तशी भूक नव्हती, म्हणून तो एक वाजता जेवू शकायचा.

माझा डबाही रिकामा परत यायला लागला. पण मत्सर काही गेला नाही, त्याची जागा बदलली. आता मला त्याच्या मोकळ्या मनाचा हेवा वाटायचा. चूक माझी, डाग त्याला, आणि झोप लागते त्याला!

डाग मात्र खरा होता. 'नामदेवभाऊ, साखळी काढली ना?' ही थट्टा होऊन बसली. नवीन पोरं भरती झाली, त्यांनाही सांगितली गेली. चहाच्या टपरीवर, मीटिंगमध्ये, लग्नात. तो नुसता "हाव, काढली" म्हणायचा. मी तिथे असायचो. कधी कधी मीही हसायचो. पहिल्या वर्षी तर मला त्यात थोडी गोडी वाटली, हे कबूल करतो.

मग तो निवृत्त झाला. कार्यालयाच्या मागच्या शेडमध्ये निरोप समारंभ होता. सगळे लाइनमन, ऑपरेटर, त्याची बायको, दोन्ही मुली, मोठी आता स्वतः सरकारी नोकरीत. शाल-श्रीफळ झालं. साहेब नवीन, माणूस चांगला. त्यांनी भाषण केलं, नामदेवची शिस्त, वेळ, सगळं आलं. आणि शेवटी हसत म्हणाले, "एवढ्या वर्षांच्या सेवेत नामदेवराव एकदाच साखळी काढायची विसरले, तेवढं आपण माफ करू!"

शेड हसली. नामदेवही हसला. त्याची मोठी मुलगी हसली नाही. ती बापाच्या खांद्यावरच्या शालीचं टोक सरळ करत बसली, खाली मान घालून. तिला लहानपणापासून तेच सांगितलं गेलं असणार, तुझा बाप साखळी विसरला.

मी उभा राहिलो. माझं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत होतंच, पण चौथं. माझ्या नोकरीचे आठ महिने बाकी होते. सुमन शेजारी बसली होती, तिनं शर्ट ओढला, "नंबर आला नाई तुमचा." मी माइक घेतला.

म्हणालो, "साहेब, नामदेव साखळी विसरला नव्हता. नामदेव खांबावर होता. दोन्ही परमिट मह्या नावावर होते, कारण मह्या हद्दीत त्याचं नाव लागलेलं मले पटत नव्हतं. तो वर असताना लाइन मी देल्ली. साखळी होती म्हणून हा माणूस आज इथं बसून हाये. त्यानं खोटा जबाब लिहून मले वाचवलं, अन् ते प्रमाणपत्र मह्या घरी टांगलेलं हाये."

सुमननं हात तोंडावर नेला. नामदेव माझ्याकडे असं पाहत होता की याला आता हाणावं. "बस ना बे खाली," तो माइकशिवाय म्हणाला. "जेवन थंडं होऊन राह्यलं."

साहेबांनी विचारलं, "हे लेखी द्याल?"

"देतो. आत्ता देतो."

पुढे मी ते दिलंही. माझ्या नावावर जे यायचं ते आलं, त्याच्या नावावरचं खोडलं गेलं. पण ते नंतरचं. त्या वेळी साहेब उठले, नामदेवजवळ गेले आणि त्याचे दोन्ही हात धरले. मग शेखभाऊ उठला. मग सगळे. मोठी मुलगी रडत होती आणि बापाला सोडत नव्हती. टाळ्या थांबेनात. कुणीतरी टेबलावरची जास्तीची शाल उचलली, मला वाटलं इकडे येतेय, मी मान थोडी वाकवलीही. ती नामदेवच्याच अंगावर गेली.

मी माइक धरून उभा. एवढ्या वर्षांनी खरं बोललो मी, नोकरी पणाला लावली मी, आणि दोन्ही शाली त्याला. खरं सांगतो, लय पोटात दुखलं.